घरांतील कुंड्या आणि वाफसा

हल्लीं खेड्यापाड्यांतही सिमेंटचीं घरें झालीं आहेत, आणि अंगणांत राहणारीं शोभेचीं झाडें ओटीवर, माजघरांत व जिन्याखालच्या कोपऱ्यांत येऊन बसलीं आहेत. तालुक्याच्या रोपवाटिकेंतून मनीप्लँट, डिफेनबॅकिया, स्नेक प्लँट, नेचे अशीं रोपें हौसेनें आणलीं जातात, आणि त्यांतील पुष्कळ दोन-तीन महिन्यांच्या आंत मरतात. नवल हें कीं, ज्यांच्या हातचा ऊस अगर द्राक्षबाग कधीं बिघडली नाहीं त्यांच्याही घरीं हाच प्रकार होतो. याचें कारण आळस नव्हे. आमच्या पाहण्याप्रमाणें दुर्लक्षापेक्षां अतिकाळजीनेंच अधिक कुंड्या मरतात, आणि ती काळजी म्हणजे रोजचें पाणी होय.

वास्तविक या बाबतींत शेतकऱ्यास नवीन कांहीं शिकावयाचें नाहीं. पेरणीपूर्वीं आपण वाफसा पाहतों. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत कांहीं पाणी व कांहीं हवा असली म्हणजे वाफसा आला असें म्हणतों. मुळ्यांनाही श्वासासाठीं प्राणवायु लागतो, आणि तो त्यांस या पोकळ्यांतूनच मिळतो. कुंडींत रोज पाणी ओतलें कीं पोकळ्या पाण्यानें भरून जातात, मुळ्या गुदमरतात व सडूं लागतात. सडलेली मुळी पाणी ओढूं शकत नाहीं. म्हणून चिंब मातींत उभें असलेलें झाडही तहानेल्यासारखें मान टाकतें. घरांतील माणसें तें पाहून आणखी एक तांब्या ओततात, आणि येथेंच झाड हातचें जातें. सबब मान टाकलेलें झाड दिसतांच तांब्या न उचलतां आधीं मातींत बोट घालून पाहावें. माती ओली असेल तर पाणी बंद करावें, कुंडी उजेडांत व वाऱ्यावर ठेवावी. मातीला आंबूस वास येत असेल तर झाड काढून काळ्या, मऊ पडलेल्या मुळ्या कापून टाकाव्या व नव्या मातींत लावावें.

घरांत वाफसा लवकर येत नाहीं याचें मूळ उजेडांत आहे. उघड्या शेतांत भर दुपारचा प्रकाश सुमारें १,००,००० लक्स असतो; खिडकीपासून सहा-सात हातांवर तो पुष्कळदां ५०० लक्सही भरत नाहीं. आपला डोळा अंधाराशीं जुळवून घेतो म्हणून आपणांस हा फरक भासत नाहीं. पानास मात्र तो पुरेपूर भासतो. उजेड कमी म्हणजे पानाचें अन्न शिजविण्याचें काम कमी, पानांतून वाफ होऊन जाणारें पाणी कमी, आणि म्हणून मुळ्यांची मागणीही कमी. तेव्हां पाणी वारावर न देतां उजेडावर द्यावें. दोन पेरें बोट मातींत घालावें; तेवढी माती सुकली असेल तरच तळांतून निथळेपर्यंत पाणी घालावें. नेच्यांस मात्र माती इतकी सुकलेली चालत नाहीं, आणि स्नेक प्लँटची माती पार सुकूं द्यावी. एकच कुंडी वैशाखांत चार दिवसांनीं पाणी मागेल आणि आषाढांत पंधरा दिवसांनींही मागणार नाहीं. कांडें लांबट व फिकें होऊन झाड खिडकीकडे झुकूं लागलें तर ती उजेडाची भूक समजावी. ती खतानें भागत नाहीं.

मातीविषयीं एक सूचना. शेतांतील काळी माती कितीही कसदार असली तरी कुंडींत घालूं नये. ती भिजली कीं फुगते, सुकली कीं आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि मग घातलेलें पाणी त्या फटींतून खालीं निघून जातें. मधला गड्डा कोरडाच राहतो. पोयट्याची माती, पूर्ण कुजलेलें शेणखत व जाड वाळू सारख्या प्रमाणांत घ्यावी. तळाशीं खडीचा थर देण्याची चाल आहे, पण त्यानें निचरा सुधारत नाहीं. पाणी थराच्या वरच्या मातींतच अडून राहतें. भोकावर एक खापरी पुरे. युरियाची चिमूट कुंडींत टाकण्याचा मोह टाळावा. विहिरीच्या मचूळ पाण्यानें कुंडीवर पांढरें फुटूं लागलें तर खारवट जमीन धुतात तशी माती दोन-तीन वेळां भरपूर पाण्यानें धुवून निथळूं द्यावी.

कुंडीखालच्या बशींत सांचलेलें पाणी झाडास तर वाईटच, पण माणसांस त्याहून वाईट. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, सांचलेल्या पाण्यांत वाढतो, आणि त्याचीं अंडीं भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यांतही टिकतात. म्हणून आठवड्यांतून एकदां बशी ओतून घासावी. बाटलींत पाण्यावर ठेवलेल्या मनीप्लँटचें पाणीही तसेंच बदलावें.

अशा झाडांनीं घरांतील हवा शुद्ध होते असें विक्रेते सांगतात. १९८९ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेनें प्रसिद्ध केलेले प्रयोग बंद पेटींतले होते. २०१९ सालीं ड्रेक्सेल विद्यापीठांतील दोघां संशोधकांनीं अशा प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हां घरांत सहज येणाऱ्या-जाणाऱ्या वाऱ्याइतकें काम होण्यास दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडें लागतील असें आढळलें. खिडकी उघडणें स्वस्त पडतें. झाडें शोभेसाठीं ठेवावीं, आणि शोभा हें कारण कांहीं कमी नाहीं.

शेवटीं, ज्या घरांत रांगतें मूल अगर दावणीस वासरूं आहे त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, मनीप्लँट व डिफेनबॅकिया हीं दोन्ही अळूच्या कुळांतील आहेत. अळूची खाज ज्या सुईसारख्या स्फटिकांनीं सुटते तेच यांच्या पानांत व कांड्यांत असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, जीभ व घसा सुजतो. अशा वेळीं तोंड पाण्यानें धुवावें, थंड दूध पाजावें व वैद्यकीय मदत घ्यावी. श्वासास अडथळा वाटल्यास क्षणभरही थांबूं नये. कण्हेरीचें विष तर याहून फार भयंकर असून तें हृदयावर चालतें, म्हणून ती घरांत आणूं नये. कुंड्या मुलाच्या हातास लागणार नाहींत अशा उंचीवर ठेवाव्या, आणि छाटलेलीं पानें व कांडीं गव्हाणीजवळ अगर उकिरड्यावर न टाकतां खड्ड्यांत पुरावीं.