गुरू पुढे निघतात तेव्हा

भक्तहो, भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत कुरर पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा, म्हणून बलवान पक्षी मागे लागलेले. तुकडा टाकला, पाठलाग थांबला. हा दृष्टांत ऐकताना आपल्या मनात पैसा येतो, दागिना येतो, बांधीच्या धुऱ्याचं भांडण येतं. पण चोचीतला तुकडा दरवेळी वाईटच असतो असं नाही. कधी तो चांगला, पवित्रसुद्धा असतो, आणि तोच सुटता सुटत नाही.

या नजरेने गुरुचरित्र वाचून पाहा. श्रीनृसिंह सरस्वती आपल्या विदर्भातले, जन्म कारंज्याचा. मुंज झाली आणि बाळ तीर्थयात्रेला निघालं. आई रडली. तिला आणखी पुत्र होईस्तोवर महाराज थांबले, मग निघालेच. पुढे औदुंबरला एक चातुर्मास, नरसोबाच्या वाडीला बारा वर्षं. वाडी सोडताना योगिनींनी किती विनवलं! पादुका ठेवल्या आणि गेले. गाणगापूरलाही तेच. मागे निर्गुण पादुका, स्वतः श्रीशैल्याकडे. रडणाऱ्या भक्तांना त्यांनी रागावलं नाही. रोजचं दर्शन, शंका आली की विचारायला महाराज समोर, हे कोणाला नको असतं? पण समोर असलेल्याला विचारलं की काम भागतं. गेलेल्याचं सांगणं आठवावं लागतं, आणि आठवता आठवता ते आपलं होतं.

श्रीटेंबे स्वामी महाराजांचं तर याहून अवघड. माणगावला त्यांनी स्वतः दत्तमंदिर उभारलं. सुमारे सात वर्षं तिथे सेवा केली आणि 1889 साली देवाच्याच आज्ञेने ते सोडून पत्नीसह बाहेर पडले. 1891 मध्ये गंगाखेडला पत्नी गेली, त्यानंतर त्यांनी संन्यास घेतला. पुढे 1914 ला गरुडेश्वरी देह ठेवीपर्यंत अनवाणी पायांनी देश पालथा घातला. एक चातुर्मास आपल्या वैनगंगेकाठी पवनीलाही झाला. आपण घरदार सोडण्याच्या गोष्टी करतो. देवासाठी बांधलेलं देऊळ देव म्हणाला म्हणून सोडायचं, याचा विचार केला की माझी तर बोलती बंद होते.

आता आपल्या गावचं. आमच्याकडे कितीतरी वर्षं जयंतीचा सप्ताह एकच काका वाचत. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. बाकीचे ऐकणारे. यंदा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. वयच झालं, कोण काय म्हणणार? मग मंडळी म्हणून लागली, आता सप्ताह बंदच समजा. एकाने सुचवलं, मोबाईलवर पारायण मिळते, भोंग्याला जोडून देऊ. ते मला पटलं नाही. मी म्हटलं, ज्याला जमेल त्याने आपापल्या घरी पोथी उघडावी, संध्याकाळी आरतीला सगळे देवळात.

मी एकाहत्तर वर्षांचा, एका डोळ्याला मोतीबिंदू. भिंग घेऊन वाचतो. नऊ अध्यायांना पहिल्या दिवशी पहाटेपासून दुपार झाली. जोडाक्षर आलं की गाडी अडते, मागे जाऊन ओवी पुन्हा म्हणावी लागते. काकांच्या आवाजात कितीदा ऐकलेली ओवी अशी अडून वाचली की तिच्यातला एखादा शब्द पहिल्यांदाच भेटतो. शेजारच्या आजोबांना वाचताच येत नाही. ते तेवढा वेळ "दिगंबरा दिगंबरा" करीत बसतात. त्यांचं पारायण माझ्यापेक्षा उणं आहे असं मला वाटत नाही.

एक सांगून ठेवतो, नाहीतर कोणी भलतंच करायचं. आधार सोडणे म्हणजे बीपीची गोळी सोडणे नव्हे. पायरी चढताना नातवाचा हातही सोडू नका. "माझ्यासाठी तुम्हीच देवाला सांगा" म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात टाकलेलं आपलं गाऱ्हाणं तेवढं परत घ्या.

वाचणाऱ्यांसाठी रोजचे अध्याय असे: 9, 21, 29, 35, 38, 43 पर्यंत क्रमाने, आणि सातव्या दिवशी उरलेले. धानाचं चुरणं चालू असेल तर पहाटेच बसा. मोठ्या अक्षरांच्या दोन पोथ्या देवळात ठेवल्या आहेत. हवी त्याने पुजारीबुवांकडून न्यावी, आणि झाली की पुढच्यासाठी परत आणून ठेवावी.