आधी उलट बाजू दाखवा

पैठणी ऑनलाइन घेणार असाल, तर विकणाऱ्याला पहिला निरोप एवढाच पाठवा: "पदराच्या उलट बाजूचा जवळून काढलेला फोटो हवा आहे." किंमत, रंग, साडी घरी कधी पोहोचेल, हे सगळं नंतर विचारा. हातमागावरची साडी विकणारा माणूस असा फोटो आनंदाने पाठवतो, कित्येकदा व्हिडिओही करून पाठवतो. ज्याच्याकडे तशी साडी नसते, तो "मॅडम, क्वालिटी एकदम बेस्ट आहे" असं उत्तर देतो आणि पुन्हा पुढच्याच बाजूचा फोटो टाकतो.

उलट बाजूचं महत्त्व मला सासूबाईंमुळे कळलं. त्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही एका वेबसाइटवरून पैठणी मागवली होती. वर्णनात अस्सल येवला पैठणी, हातमाग, शुद्ध रेशीम असं सगळं लिहिलेलं होतं. सोबत मागावर बसलेल्या एका बाईंचा फोटो होता आणि "तुमच्या खरेदीने या विणकर भगिनीचं घर चालतं" अशी ओळ होती. खरं सांगायचं तर त्या ओळीमुळेच दुकान निवडलं होतं. साडी आली, रंग सुरेख होता. सासूबाईंनी पदर हातात घेतला आणि काही न बोलता उलटा केला. मोरांच्या मागे धाग्यांचे कापलेले पुंजके होते, एका रंगाचा धागा दुसऱ्या रंगाच्या पाठीमागून नुसताच लोंबत गेलेला. "मशीनची आहे गं," एवढंच त्या म्हणाल्या आणि आमच्या हौसेखातर समारंभात तीच नेसल्या. दुकानदाराने आधी कळवलं की डिझाइन पैठणीचंच आहे, आणि मग कळवलं की साडी परत करायची मुदत संपली आहे.

पैसे गेल्याचं दुःख झालंच, पण खरा धक्का नंतर बसला. त्या बाईंचा फोटो मी गुगलवर चित्र टाकून शोधला, तर तोच फोटो आणखी दोन दुकानांच्या पानांवर निघाला, वेगळ्याच साड्यांच्या शेजारी. म्हणजे त्या बाईंचा चेहरा विकला जात होता आणि त्यांच्या हातचं काम मात्र कुणीच विकत घेत नव्हतं. त्यानंतर मी येवल्याला जाऊन आले, विणकरांशी बोलले, आणि आता आमच्या घरात आणि सोसायटीत कुणाला हाताने केलेली वस्तू ऑनलाइन घ्यायची असली की फोन मला येतो. त्या सगळ्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

पैठणीच्या पदरावरचा मोर, कमळ किंवा असावलीची वेल भरतकामासारखी वरून चढवलेली नसते, ती कापडातच विणलेली असते. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते. विणकर उभे धागे मोजतो, हिरव्याची कांडी मोराच्या पिसाऱ्याच्या कडेपर्यंत नेतो, तिथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि मागे वळवतो. एका ओळीत जितके रंगाचे तुकडे, तितक्या वेळा हा खेळ. त्यामुळे मागे धागा लोंबायला जागाच उरत नाही आणि पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. भरगच्च पदर असेल तर दिवसभर बसून बोटभर काम पुढे सरकतं. साध्या काठपदराच्या साडीला काही आठवडे लागतात, अंगभर नक्षी असेल तर कित्येक महिने, कधी वर्षही. यंत्रमागाला हा वळणावळणाचा रस्ता परवडत नाही. तो धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ नेतो आणि मागचा उरलेला भाग कापून टाकतो. हातमागावर जकार्ड, म्हणजे नक्षीचे धागे उचलणारी यंत्रणा, लावून विणलेल्या काही साड्यांच्याही मागे धागे दिसतात, म्हणून धागे दिसले की लगेच फसवणूक असं समजू नये. पण मग विक्रेत्याने तसं स्वतःहून सांगायला हवं आणि किंमतही त्याप्रमाणे हवी.

किमतीचा हिशेब घरी बसून करता येतो. समजा साडीला 20 दिवस लागले आणि विणकराच्या दिवसाची किंमत आपण फक्त 500 रुपये धरली. नुसत्या मजुरीचे 10,000 झाले. एवढे बारीक काम करणाऱ्या माणसाला 500 रुपये रोज हा काही मोठा आकडा नाही. त्यात बहुधा बंगळूरकडून येणारं रेशीम, सुरतेची जर, रंगणावळ आणि ताणा भरून देणाऱ्याची मजुरी धरा. मग कुणी 2,499 रुपयांत "शुद्ध रेशमी हातमाग पैठणी, 70 टक्के सूट" म्हणत असेल, तर एक तर ती हातमागाची नाही, नाही तर कुणाचं तरी पोट मारलेलं आहे. दोन्ही असण्याचीही शक्यता आहे. सेमी पैठणी, म्हणजे यंत्रमागावर कृत्रिम किंवा मिश्र धाग्याने विणलेली पैठणी, नेसू नये असं मी म्हणत नाही. दीड-दोन हजारांत ती छान दिसते, धुवायला सोपी, लेकीबाळी गरब्यालाही नेसतात. सेमी आहे हे सांगून विकली तर तो चोख व्यवहार आहे. राग आहे तो खोटं सांगण्याचा, कारण त्या खोट्या भावाशी खऱ्या विणकराला स्पर्धा करावी लागते.

वर्णन वाचताना बारीक अक्षरांत काय आहे तिकडे लक्ष असू द्या. "आर्ट सिल्क" म्हणजे कृत्रिम रेशीम. "सिल्क ब्लेंड" असेल तर किती टक्के, ते विचारा. "हँडलूम लुक", "पैठणी बॉर्डर", "पैठणी स्टाइल" हे शब्द वकिली सावधपणे निवडलेले असतात. जर कोणती, चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली, तांब्यावरची टेस्टेड की प्लॅस्टिकची, हे बिलावर लिहून घ्या. साडी घरी आल्यावर पदराच्या गोंड्यातला एखादा सुटा धागा काढून जाळून पाहता येतो. रेशीम केसासारखा वास देऊन जळतं आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गाठ होते.

मग येतात शिक्के, आणि इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. 2004 पासून सिल्क मार्क आहे, तो केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झाला. तो फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो. साडी यंत्रमागावर विणलेली असली तरी तो लागू शकतो. 2006 साली आलेलं हातमाग चिन्ह कापड हातमागावर विणल्याचं सांगतं, रेशमाबद्दल बोलत नाही. भौगोलिक मानांकन, ज्याचा कायदा 1999 चा आहे, वस्तू कोणत्या प्रदेशातली आणि कोणत्या पद्धतीची हे सांगतं. पैठणीला ते मिळालेलं आहे. पण मानांकन पैठणीला असणं वेगळं आणि समोरचा विक्रेता त्याचा नोंदणीकृत वापरकर्ता असणं वेगळं. ती नोंदणी विचारायला संकोच करू नका. 1985 च्या कायद्याने काही ठरावीक प्रकारच्या साड्या हातमागासाठी राखून ठेवलेल्या आहेत, यंत्रमागावर त्या काढायला बंदी आहे. बाजारात फिरलं की त्या कायद्याची अंमलबजावणी किती होते ते दिसतं.

आता लक्षात घ्या, यातला एकही शिक्का विणकराला काय मिळालं हे सांगत नाही. धागा खरा, माग खरा, गाव खरं, आणि तरी विणणाऱ्याच्या हातात तुटपुंजी मजुरी, असं होऊ शकतं. येवल्यात मला हे नीट समजावलं ते एका विणकर बाईंनी. पुष्कळ घरांत माग विणकराचा, पण रेशीम आणि जर शेठची. साडी विणून दिली की मजुरी मिळते. तिची दुकानातली किंमत कधी तिप्पट झाली तरी मजुरी तीच. स्वतःचं रेशीम घालायचं तर भांडवल हवं, आणि साडी विकेपर्यंत महिनोन्‌महिने थांबायची ताकद हवी. "ऑर्डर देताना कुणी निम्मे पैसे आधी दिले, तर ती साडी माझी असते," त्या म्हणाल्या.

हाताने केलेल्या वस्तूंच्या न्याय्य व्यापाराचा सगळा विचार या वाक्यापाशी येतो. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनची दहा तत्त्वं आहेत. त्यांत योग्य मोबदला, बालमजुरीला मनाई, स्त्री-पुरुषांना समान वागणूक हे आहेच, पण खरेदीचे नियमही आहेत. हस्तकलेच्या ऑर्डरवर कारागिराने मागितल्यास किमान 50 टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची, हा त्यातलाच एक. म्हणून एखादी वेबसाइट "फेअर ट्रेड" म्हणवत असेल, तर ती या संघटनेची किंवा फेअर ट्रेड फोरम इंडियाची सदस्य आहे का ते पाहा, आणि सरळ लिहून विचारा: ही वस्तू कुणी केली, कुठे केली, त्यांना पैसे केव्हा देता, आगाऊ देता का? गोलमोल उत्तर आलं की मी पान बंद करते. कॉफी-चॉकलेटवर दिसणारं फेअरट्रेडचं चिन्ह वेगळ्या व्यवस्थेचं आहे, ते मुख्यतः शेतमालासाठी असतं. साडीच्या पानावर ते दिसलं तर कापूस की विणकाम, कशाबद्दल आहे ते विचारा.

मधला माणूस म्हणजे लुटारूच, असं मात्र मी मानत नाही. फोटो काढणं, इंग्रजीत उत्तरं देणं, पार्सल, परत आलेला माल सांभाळणं, ही कामं विणकराने मागावरून उठून करावीत ही अपेक्षा गैर आहे. 1981 पासून काम करणारी दस्तकार किंवा त्यानंतरची दस्तकारी हाट समिती यांसारख्या संस्थांनी कारागीर आणि शहरी ग्राहक समोरासमोर आणले. केंद्र सरकारचं इंडिया हँडमेड हे पोर्टलही आहे, त्यावर कारागीर थेट विकू शकतात. मधल्याने आपला वाटा घ्यावा, पण कारागिराचा वाटा किती ते सांगायला त्याची ना नसावी.

पैठणीची ही रीत इतर वस्तूंनाही चालते. जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा श्रेय न दिल्याबद्दल आपण सगळे चिडलो, ते योग्यच होतं. पण रेक्झिनच्या, रबरी तळाच्या चपला "ओरिजिनल कोल्हापुरी" म्हणून आपल्याच लोकांकडून ऑनलाइन विकल्या जातात आणि आपणच घेतो, तेव्हाही कारागिराचं तेच होतं. कोल्हापुरी चपलेच्या 2019 च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत, त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीची चपलही अस्सलच. चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं आहे का, शिवण चामड्याच्या वादीची आहे का, तळाचा आणि कडेचा फोटो मागा. वारली चित्राचं आणखी सोपं आहे: दोन नगांचे फोटो मागवा. दोन्हींतला तारपा वाजवणारा रेषेरेषेने सारखा असेल तर ते छापील आहे.

पैसे देताना डोकं थंड ठेवा. "फक्त 2 शिल्लक", "ऑफर 10 मिनिटांत संपते" असं खोटंच घड्याळ दाखवून घाई करणं, हे 2023 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित व्यापार आहे. वस्तूचं पान, वर्णन आणि परतीच्या अटी यांचे स्क्रीनशॉट पैसे देण्याआधी काढा, कारण तक्रार केली की वर्णन बदलतं. आमच्या बाबतीत तेच झालं. पार्सल उघडताना घरातल्या कुणाला तरी व्हिडिओ करायला सांगा. साडी त्याच दिवशी उलटून पाहा, फॉल-पिको नंतर. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता, मालाचा मूळ देश आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क दाखवणं बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाही लावला तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या विक्रेत्याला कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर पैसे पाठवले, तर दाद मागणं फार अवघड होऊन बसतं. बिल आणि पत्ता मिळाल्याशिवाय पाठवू नका. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी तर साडी आधी इथल्या नातेवाइकांकडे मागवावी आणि त्यांनी तपासली की मगच पुढे न्यावी, कारण तिथून परत पाठवण्याचा खर्च कुणालाच परवडत नाही.

ग्राहक म्हणून आपणही थोडं सुधारायला हवं. आगाऊ रक्कम द्यायची ती ज्याची चौकशी केली आहे, ज्याचा माग व्हिडिओ कॉलवर पाहिला आहे त्याला, पण त्याला नक्की द्यायची. काठात एखादा धागा जाड असणं, दोन मोरांत थोडा फरक असणं, ही परत पाठवायची कारणं नाहीत. फोनच्या पडद्यावर रंग वेगळा दिसतो, म्हणून शंका असेल तर उन्हातला फोटो आधी मागवा. पैठणीत उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगांचा असला तर ती प्रकाशाप्रमाणे रंग बदलते, तो तिचा गुण आहे. आणि ठरलेल्या भावावर "अजून पाचशे कमी करा" असं विणकराला म्हणू नका. मॉलमध्ये आपण असं म्हणत नाही.

लग्न मार्गशीर्षात असेल तर साडी आषाढाच्या आधी सांगा. पावसाळ्यात हवा दमट असते, रेशीम नीट वागत नाही आणि काम मंदावतं. गणपती-दिवाळीत मागावर आधीच्या ऑर्डर असतात. उशीर झाला असेल तर विणकराला रात्री बसवू नका. तयार साड्यांतली निवडा, आणि तिचीही उलट बाजू आधी मागवा.