बोजा आणि ताण

कांहीं शब्द रोज तोंडीं असल्यामुळें त्यांचा अर्थ आपणांस पूर्ण ठाऊक आहे असा आपला समज होऊन बसतो. ‘ताण’ हा त्यांपैकींच एक होय. कुंपणाच्या तारेला ताण असतो, संत्र्याच्या बागेला आपण ताण देतों, पावसानें ओढ दिली म्हणजे कपाशीला ताण पडतो, डॉक्टर रोग्यास ‘ताण घेऊं नका’ म्हणून बजावतात, आणि कर्जाची मुदत जवळ आली म्हणजे घरांतील सर्वांच्याच मनावर ताण येतो. शब्द एक, परंतु प्रत्येक ठिकाणीं वस्तु निराळी. एका ठिकाणचा नियम दुसऱ्या ठिकाणीं न विचारतां लागू केल्यास काय अनर्थ होतो, तें आपल्या वर्धा जिल्ह्यानें पाहिलें आहे. म्हणून या शब्दाचे निरनिराळे अर्थ क्रमानें तपासून पाहण्याचें योजिलें आहे.

हा शब्द ‘तन्’ म्हणजे पसरणें, ताणणें या संस्कृत धातूच्या कुळांतला आहे. विणकराचा ‘ताणा’ याच घरचा. मागावर ताणा सैल राहिला तर वस्त्र विणलें जात नाहीं आणि फाजील ओढला तर सूत तुटतें. ‘तुटेपर्यंत ताणूं नये’ असें आपले वडील सांगत आले. आणि गंमत अशी कीं, स्वस्थ झोंप घेण्यालाही आपण ‘ताणून देणें’ असेंच म्हणतों.

१. दोराचा ताण

प्रथम पदार्थविज्ञानांतील अर्थ घेऊं. इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं असा नियम प्रसिद्ध केला कीं, स्थितिस्थापक वस्तु ज्या प्रमाणांत ओढावी त्या प्रमाणांत ती लांबते. पुढें १८२२ च्या सुमारास कोशी या फ्रेंच गणित्यानें वस्तूच्या आंतील या ओढीची रीतसर व्याख्या केली. शास्त्रीय मराठींत तिला ‘प्रतिबल’ असेंही म्हणतात. तिचें गणित सोपें आहे : वजनास तें पेलणाऱ्या क्षेत्रानें भागावें.

उदाहरणार्थ, दोन चौरस सेंटिमीटर छेदाच्या दोराला शंभर किलो वजन टांगलें, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पन्नास किलोंचा ताण येतो. तोच दोर झिजून एक चौरस सेंटिमीटरचा राहिला, तर ताण शंभर किलोंचा होतो. वजन एक गुंजभरही वाढलें नाहीं. ताण मात्र दुप्पट झाला. म्हणजे बोजा ही एक वस्तु आणि ताण ही दुसरी.

हीच गोष्ट आतां सातबाऱ्यावर पाहा. ‘इतर हक्क’ या सदरांत सोसायटीचें वा बँकेचें कर्ज चढतें, त्यास आपण ‘बोजा’ म्हणतों. दोन लाख रुपयांचा बोजा वीस एकरांच्या खातेदारावर असला तर एकरीं दहा हजार रुपये पडतात. चार एकरांच्या खातेदारावर असला तर एकरीं पन्नास हजार. उताऱ्यावर दोघांचा आंकडा एकच दिसतो. महसुली कागदांत आमचें आयुष्य गेलें; बोजा नोंदण्याचें सदर त्यांत आहे, ताण नोंदण्याचें सदर कोठेंही नाहीं. म्हणून ‘अमक्यावरही तेवढेंच कर्ज आहे, तो तर हिंडतो फिरतो’ असें जें पारावर बोललें जातें, तें गणिताच्या दृष्टीनेंही चूक आहे.

दुसरा एक शोध याहून महत्त्वाचा आहे. १८५० ते १८७० च्या दरम्यान जर्मनींतील ऑगस्ट व्होलर या अभियंत्यानें आगगाडीच्या आंसांचा अभ्यास केला. जें वजन आंस एकदां सहज पेलतो, तेंच पुनः पुनः येत राहिलें तर पुढें केव्हां तरी तो त्याच वजनाखालीं मोडतो, असें त्यास आढळलें. यास धातूचा ‘थकवा’ म्हणतात. मोडलेल्या दिवशीं बोजा कांहीं विशेष नव्हता. आंत बारीक भेग मात्र बरेच दिवस वाढत होती, आणि ती बाहेरून दिसत नव्हती.

२. झाडाचा ताण

आतां आपल्या परिचयाच्या शेतांत येऊं. कारंजा, आष्टी व आर्वी या भागांतील संत्रा बागाईतदारांस ताणाची विद्या शिकविण्याचें कारण नाहीं. आंबिया बहाराकरितां हिवाळ्यांत आणि मृग बहाराकरितां उन्हाळ्यांत बागेचें पाणी बंद करितात. मुळांभोंवतालची माती सुकूं लागली म्हणजे झाडांत अॅब्सिसिक आम्ल नांवाचें द्रव्य वाढतें, पानांवरील सूक्ष्म छिद्रें मिटतात, नवी पालवी थांबते, अन्नद्रव्य फांद्यांत सांठतें आणि पुढें पाणी मिळतांच फूल निघतें. हलक्या जमिनींत हा ताण लौकर बसतो. भारी काळ्या जमिनींत ओल टिकून राहत असल्यामुळें अधिक दिवस लागतात.

परंतु या विद्येचे नियम किती कडक आहेत तें लक्षांत घ्यावें. कोवळ्या किंवा रोगट झाडाला ताण देत नाहींत. मालक रोज बागेंत फिरून पानांकडे पाहतो; पानें मलूल व फिकट होऊन थोडी गळूं लागलीं कीं समजतो, पुरे झालें. मग तो ‘ताण तोडतो’ : आळीं खणून खत घालतो आणि प्रथम हलकें पाणी देतो. जो वेळेवर तोडीत नाहीं त्याच्या बागेंत फुलांऐवजीं वाळलेल्या फांद्या दिसतात. तात्पर्य, बहार नुसत्या ताणानें येत नाहीं. नेमका दिलेला, कोणी तरी नजर ठेविलेला आणि वेळेवर तोडलेला ताणच बहार आणतो.

कपाशीचें पाहिलें तर तेथें हा लाभही नाहीं. फुलें व बोंडें धरण्याच्या वेळीं पाण्याचा ताण पडला कीं पात्या, फुलें आणि लहान बोंडें गळतात. शिवाय दीर्घ उघाडीनंतर एकाएकीं मोठा पाऊस झाला, किंवा भरपूर ओलीत केलें, तर हिरवीं झाडें थोड्याच वेळांत माना टाकतात. यास ‘आकस्मिक मर’ म्हणतात. म्हणजे ताण हलका करणेंही बेतानेंच झालें पाहिजे.

३. शरीराचा ताण

वैद्यकांत हा शब्द फार पुढें आला. अमेरिकेंतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, भय, क्रोध, भूक वा वेदना झाल्यास प्राण्याचें शरीर एकदम लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीस लागतें. काळीज धडधडतें, श्वास वाढतो, रक्तांत साखर येते. नंतर १९३६ सालीं कॅनडांतील मॅक्गिल विद्यापीठांत काम करणारे हान्स सेल्ये यांनीं ‘नेचर’ या नियतकालिकांत एक लहानसें पत्र प्रसिद्ध केलें. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्यें असे भिन्न भिन्न त्रास दिले असतां परिणाम सारखाच होतो, हें त्यांत सांगितलें होतें. मूत्रपिंडांवरील ग्रंथि फुगतात, रोगप्रतिकाराशीं संबंधित ग्रंथि आक्रसतात आणि पोटांत व्रण पडतात. त्यांनीं तीन अवस्था सांगितल्या : पहिली धोक्याची हांक, दुसरी तग धरण्याची, आणि त्रास थांबलाच नाहीं तर तिसरी शक्तिपाताची.

येथें शब्दांचा घोंटाळा झाला तो असा. अभियंता बाहेरील बोज्यामुळें वस्तूंत उत्पन्न होणाऱ्या ओढीस एक नांव देतो आणि तिच्या परिणामास, म्हणजे वस्तूच्या विकृतीस, दुसरें. सेल्ये यांनीं परिणामालाच ओढीचें नांव दिलें. त्या वेळीं आपलें इंग्रजी पक्कें असतें तर दुसरा शब्द घेतला असता, असें त्यांनीं पुढें स्वतःच म्हटलें आहे. या घोंटाळ्यामुळें आजही ‘मला ताण आहे’ असें म्हणणारा माणूस आपल्यावरील बोज्याविषयीं बोलतो कीं आंत चाललेल्या झिजेविषयीं, हें ऐकणाऱ्यास कळत नाहीं. आणि तो बहुधा बोज्याचेंच उत्तर देतो.

थोडा वेळचा ताण वाईट नव्हे. पेरणीच्या दिवशीं जी हुशारी येते ती त्याचीच देणगी. परंतु तोच महिनोन्‌महिने राहिला तर झोंप उडते, रक्तदाब वाढतो, मधुमेह बळावतो, आणि मनाला उदासीनतेचा रोग जडूं शकतो. दोन आठवडे किंवा अधिक काळ मन सतत खिन्न असणें, कामांत व माणसांत रस न वाटणें, अन्न नकोसें होणें, पहाटेंच जाग येणें, ‘मी सर्वांना भार झालों’ असें बोलणें, हीं त्याचीं लक्षणें होत. हा रोग आहे, स्वभाव नव्हे. आणि त्यावर उपचार आहेत.

४. संसाराचा ताण

येथें मूळ मुद्दा येतो. ‘ताण दिल्यावांचून बहार नाहीं’ हा बागेचा नियम आपण माणसास लावतों. मुलगा गप्प गप्प राहूं लागला, तर ‘सोसूं द्या, शहाणा होईल’ म्हणतों. परंतु बागेला ताण देणारा मालक नळ आपल्या हातीं ठेवून असतो. माणसावरील ताण कोणी मोजून दिलेला नसतो, त्यावर कोणाची नजर नसते, आणि तो तोडण्याची तारीख कोणी ठरविलेली नसते. अशा ताणास बहार येत नाहीं.

वर्धा जिल्ह्यास या गोष्टीची किंमत ठाऊक आहे. १ जुलै २००६ रोजीं तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीं विदर्भांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली, तींतील सहा जिल्ह्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व बुलढाणा यांच्याबरोबर वर्धा होता. व्याजमाफी, सिंचन, बियाणें या गोष्टी तींत होत्या. बोजा हलका करण्याचा तो यत्न होता व तो अवश्यच होता. परंतु बोजा उतरला म्हणजे पडलेली भेग आपोआप सांधते असें नाहीं. धातूचा थकवा आपण वर पाहिलाच.

भेगेकडे पाहिल्यानें काय होतें याचाही दाखला शेजारींच आहे. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम झाला. गांवांतल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठविलें, त्यांनीं उदासीनतेचा रोग ओळखून लोकांस बोलतें केलें आणि जरूर त्यांस डॉक्टरांकडे पोहोंचविलें. त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. पूर्वीं या रोगाच्या शंभर माणसांत सुमारें चारच उपचार घेत, ते सुमारें सत्तावीस घेऊं लागले, आणि जीव देण्याचे विचार येणाऱ्यांचें प्रमाणही घटलें. त्या गांवांत पाऊस कांहीं वेगळा पडला नव्हता.

कायद्यानेंही हा शब्द आतां स्वीकारला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, याच्या कलम ११५ प्रमाणें जीव देण्याचा यत्न करणारा मनुष्य, उलट सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखालीं होता असेंच धरावयाचें, त्यास शिक्षा करावयाची नाहीं, आणि त्याची शुश्रूषा व पुनर्वसन करणें हें सरकारचें कर्तव्य होय. म्हणून पोलिसांच्या भीतीनें अशी गोष्ट कोणीही झांकून ठेवूं नये, आणि अशा मनुष्यास भ्याड म्हणूं नये.

५. ताण कसा तोडावा

प्रथम बोजा क्षेत्रावर पसरावा. सोसायटी, बँक, दुकानदार, सावकार यांचीं सर्व देणीं एका कागदावर लिहून तो कागद घरांतील मंडळींस, विशेषतः गृहिणीस, दाखवावा. एकट्यानें लपविलेला आंकडा हा झिजलेल्या दोरावरील वजनासारखा असतो. गांवाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खालीं गेली असल्यास कर्जाच्या पुनर्गठनाविषयीं व वसुलीच्या स्थगितीविषयीं काय आदेश निघाला, याची तलाठ्याकडे व सोसायटींत लेखी चौकशी करावी. सावकारीच्या पोटीं जमीन बेकायदा लिहून घेतली गेली असल्यास महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा, २०१४, खालीं जिल्हा निबंधकाकडे दाद मागतां येते.

दुसरें, रोज बागेंत फिरतां तसें घरांतही फिरावें. कोणी मलूल दिसल्यास जवळ बसून ‘जीव नकोसा वाटतो काय?’ असें सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट मन मोकळें होतें. उत्तर होकारार्थी आल्यास त्या मनुष्यास एकटें सोडूं नये, आणि शेतींतील औषधें कुलपांत ठेवून किल्ली दुसऱ्याच्या हातीं द्यावी.

तिसरें, उपचारास लाजूं नये. सेवाग्राम येथें १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे व तिच्या कस्तुरबा रुग्णालयांत मनोविकारांचा विभाग आहे. सावंगी (मेघे) येथील रुग्णालयांतही ती सोय आहे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनि सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून दिवसरात्र विनामूल्य चालते व तींत मराठींत बोलतां येतें. औषध सुरू झाल्यास गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यांत धीर सोडूं नये, व बरें वाटतांच आपल्या मनानें औषध बंदही करूं नये. ताण तोडतांना पहिलें पाणी हलकेंच असतें.

प्रत्येक गांवच्या सभासदांनीं येत्या बैठकींत निदान एवढें करावें : आपल्यांत गेल्या दोन महिन्यांत कोण बाजारास, भजनास, बैठकीस येईनासा झाला, त्याचें नांव मनांत आठवावें, आणि वसुलीचा विषय न काढतां त्याच्या घरीं एक जण जाऊन यावें.