ठेचा, मोडी आणि असईची लढाई

देवगिरीच्या रामदेवराय यादवाच्या काळातला बारा वर्षांचा मुलगा शिदोरी सोडतो आणि भाकरीवर ठेचा घेतो, असं कुणी लिहिलं की कादंबरी तिथेच फसली. यादवांचं राज्य चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला बुडालं. मिरची आपल्याकडे आली ती त्यानंतर दोनेकशे वर्षांनी, पोर्तुगिजांबरोबर. मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या, जालना जिल्ह्यातल्या पिंपळगाव रेणुकाईत हे पटकन पचणार नाही! पण मुलांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहिण्याचं काम अशाच तपासणीपासून सुरू होतं.

असं लिहू पाहणाऱ्या इथल्या विद्यार्थ्याला विषयासाठी लांब जायला नको. तालुक्याचं भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. तिथल्या उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं इटलीतल्या पॉम्पेईच्या मूर्तीशी साम्य अभ्यासकांनी दाखवलं आहे. शिवाय जिल्ह्यातच, केळना आणि जुई नद्यांच्या संगमाजवळ, असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेशी इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीची गाठ पडली. जिंकूनही इंग्रजांच्या बाजूचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. शिंद्यांच्या पायदळाचा सेनापती होता पोलमन नावाचा जर्मन.

लढाईआधी वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं, की नदीला जवळ उतार नाही. त्याला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. मग उतार असणारच, असं त्यानं ताडलं आणि ते खरं निघालं. त्यातल्या एका गावाचं नाव इंग्रजी वृत्तांतांत पिंपळगाव असंच येतं. पण ते केळनेच्या काठचं. नाव जुळलं म्हणून रेणुकाईच्या पिंपळगावात लढाई आणून ठेवायची नाही. वाटाडे मात्र लेखकानं सोडू नयेत. त्यांना उतार ठाऊक नव्हता, की त्यांनी तो दडवला? वाटाड्याबरोबर त्याचा मुलगाही असेल तर? कागद गप्प बसतात तिथे कादंबरीकाराला बोलायची मुभा असते, त्याआधी नाही.

आता आईवडिलांचा प्रश्न: यावर पोट भरेल का? कादंबरीवर, बहुधा नाही. समजा, दोनशे रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती खपल्या आणि दहा टक्के मानधन ठरलं, तर हातात वीस हजार येतात, तेही प्रती संपल्यावर. ‘मृत्युंजय’ लिहिणारे शिवाजी सावंत कोल्हापुरात शिक्षक होते. जालन्यात जन्मलेले भारत सासणे प्रशासकीय सेवेत राहून लिहीत राहिले आणि २०२४ मध्ये ‘समशेर आणि भूतबंगला’ या पुस्तकासाठी त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

संशोधनाचं कौशल्य मात्र पगार देऊ शकतं. इतिहासात बीए करताना मोडी लिपी शिकावी. राज्याचं पुराभिलेख संचालनालय तिचे प्रशिक्षण वर्ग घेतं. मराठवाड्यात निजामकाळाची कागदपत्रं आहेत, म्हणून उर्दूही हवी. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा या लिप्या वाचणाऱ्यांची किती गरज आहे, हे जालनेकरांनी जवळून पाहिलं. पुराभिलेखागार, संग्रहालय, अध्यापन, अनुवाद, संपादन अशा वाटा इथून फुटतात. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पण सुट्टीत आधी असईचं शिवार पायी फिरावं. गो. नी. दांडेकरांनी शिवकालावर लिहिलं ते गडकिल्ले तुडवून.

हस्तलिखित तयार झालं की ते सहावी-सातवीच्या मुलांना वाचून दाखवावं. ती जांभई लपवत नाहीत, त्यामुळे मोठ्यांच्या अभिप्रायापेक्षा हे जास्त उपयोगाचं. प्रकाशकाकडे पाठवण्याआधी त्याची बालपुस्तकं चाळावीत. कुणी छपाईसाठी लेखकाकडेच पैसे मागितले, तर आईवडिलांनी मुलाच्या हौसेपोटी घाईनं सही करू नये. किती प्रती छापणार, विकणार कोण, हक्क कुणाकडे राहणार, हे आधी कागदावर घ्यावं. आयएसबीएन क्रमांक भारतात मोफत मिळतो. त्याच्या नावाखाली वेगळी रक्कम लावली असेल, तर ती का, हे बेधडक विचारावं.