मुतखडा होतो कसा, टळतो कसा?

आंब्याच्या हंगामात कोकणातल्या केळशीच्या बागेत सकाळपासून झेला घेऊन राबणारा गडी दुपारी घरी येतो, तेव्हा सदरा घामाने निथळत असतो. लघवी मात्र एखाद्याच वेळी झालेली, तीही थोडी आणि गडद पिवळी. अशा दाट लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांचे स्फटिक धरतात. बहुतेक मुतखड्यांचे मूळ हेच.

गंमत अशी की, सूक्ष्म स्फटिक निरोगी माणसाच्या लघवीतही सापडतात. मग सगळ्यांनाच खडा का होत नाही? कारण मूत्रपिंडाच्या पेशी राखण करत असतात. तिथल्या बारीक नलिकांतल्या पेशी युरोमोड्युलिन नावाचे प्रथिन लघवीत सोडतात. ते स्फटिकांना एकमेकांना चिकटू देत नाही. टॅम आणि हॉर्सफॉल या शास्त्रज्ञांनी १९५० मध्ये विषाणूंवर काम करताना ते वेगळे केले. ऑस्टिओपॉन्टिन हे दुसरे प्रथिन स्फटिकाची वाढ रोखते. युरोमोड्युलिनचे जनुक काढलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात कॅल्शियमचे स्फटिक साचलेले आढळले.

याच पेशींना इजा झाली, की पारडे फिरते. त्यांच्या पृष्ठभागावर हायलुरोननसारखे रेणू येतात आणि वाहून जाणारा स्फटिक तिथेच चिकटतो.

ही प्रथिने वाढवणारी गोळी नाही. त्यांच्यावरचा भार मात्र कमी करता येतो. दिवसभरात अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. उन्हात राबणाऱ्याला त्यासाठी बरेच जास्त लागेल. लिंबातले सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणून लिंबूपाणी चांगले, पण मीठ-साखर बेताचीच. जास्त मिठाने लघवीतले कॅल्शियम वाढते. कोकणात हे मीठ खारवलेल्या सुक्या मासळीतून, लोणच्यातून आणि कोकमाच्या आगळातूनही पोटात जाते, याकडे सहसा लक्षच जात नाही.

दूध-दही मात्र बंद करू नका. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, इटलीतल्या पाच वर्षांच्या अभ्यासात, नेहमीइतके कॅल्शियम पण मीठ आणि मांस कमी घेणाऱ्या पुरुषांमध्ये पुन्हा खडा होण्याचे प्रमाण कॅल्शियम तोडणाऱ्यांच्या जवळपास निम्मेच होते.

कुळथाचे कढण खुशाल प्या, पण त्याच्या भरवशावर सोनोग्राफी टाळू नका. खडा पडला तर तो गाळणीत धरून तपासायला द्या. कळांबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी थांबू नका, तडक दापोलीचे रुग्णालय गाठा.