गोठा वाढविण्यापूर्वी

कोकणातील जुन्या घरांच्या मागील अंगास, विहिरीच्या वाटेवर किंवा माडांच्या आगराच्या कडेला, जांभ्याच्या चिऱ्यांचा आणि मंगलोरी कौलांचा जो गोठा पूर्वी गुरांनी भरलेला असे, तो शेतात पॉवर टिलर आल्यापासून आणि घरची तरुण माणसे मुंबई-पुण्याला गेल्यापासून बहुतेक ठिकाणी रिकामा पडला आहे. आणि नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या मनुष्याला, विशेषतः ज्याचे हात आयुष्यभर यंत्रांत वावरले आहेत अशाला, त्या रिकाम्या वास्तूत जुनी मोटार उघडून बसण्याजोगी, सुतारकामाचे मेज मांडण्याजोगी आणि एखादा लेथ बसविण्याजोगी कार्यशाळा दिसू लागावी, हे अगदी स्वाभाविक आहे. मी एस. टी.च्या कार्यशाळेतील नोकरी संपवून दापोली तालुक्यातील माझ्या गावी आलो आणि आजोबांनी बांधलेला गोठा वाढवून तेथे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली एक जुनी फियाट, म्हैसूरची एक जावा मोटारसायकल आणि जन्मभर जमविलेली हत्यारे यांची सोय केली. ते काम पुरे झाले आणि आज माझी सकाळ त्याच कार्यशाळेत जाते. परंतु मध्यंतरी त्या वास्तूची एक भिंत जवळजवळ हातची गेली होती. ती कशाने खचली आणि कशाने वाचली, हे ज्यांच्या मनात असाच बेत घोळत आहे त्यांच्यापुढे तपशिलाने मांडणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम हे ध्यानी घ्यावयास हवे की जुना गोठा ही घराची लहान आवृत्ती नसते. घराच्या पायावर आणि जोत्यावर जितका खर्च होई, त्याचा लहानसा अंशही गोठ्याच्या वाट्यास येत नसे. माझ्या गोठ्याचा पाया उकरून पाहिला तेव्हा तो जेमतेम दीड फूट खोल निघाला. चिरे मातीत रचलेले, चुन्याचा अंश केवळ कोपऱ्यांत. अशा वास्तूत छपराचा भार मुख्यतः किंजळीच्या खांबांवर असतो, आणि वासे उताराच्या दिशेने भिंतींना जो बाहेर रेटा देतात तो आडव्या तुळया आवरून धरतात. म्हणजे ज्या तुळईला डोके आपटते म्हणून ती काढून टाकावीशी वाटते, तीच दोन्ही भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवीत असते. मोटारीचे इंजिन उचलण्यासाठी मोकळी उंची हवी म्हणून माझ्याही तुळईवर करवत चालविण्याचा प्रस्ताव ठेकेदाराने मांडला होता. गावातील वृद्ध सुतारांनी तो तत्काळ मोडून काढला. त्याच तुळईला चेन पुली अडकविण्याचा मोहही कोणी धरू नये. छपरासाठी घातलेले लाकूड इंजिनाच्या लोंबत्या वजनासाठी घातलेले नसते. इंजिन उचलण्यासाठी जमिनीवर स्वतंत्र उभी राहणारी लोखंडी चौकट करावी, तिचा जुन्या वास्तूशी कोठेही संबंध येऊ देऊ नये.

वाढ कोणत्या बाजूस करावयाची, हा दुसरा प्रश्न. आणि येथे कोकणी मनुष्याचे मन परंपरेनेच पडवीकडे वळते. छपराचा उतार तसाच पुढे ओढावयाचा, खाली चार खांब द्यावयाचे आणि पडवी काढावयाची, हा आपल्याकडील घर वाढविण्याचा सर्वपरिचित मार्ग आहे. बसण्या-उठण्यास किंवा लाकूडफाटा ठेवण्यास तो उत्तम. मोटारीस मात्र निरुपयोगी. छपराचा उतार तीस अंशांचा धरला तर बाहेर सरकलेल्या प्रत्येक फुटामागे सुमारे सात इंच उंची कमी होते, म्हणजे दहा फुटांच्या पडवीत जवळजवळ सहा फूट गमवावे लागतात. गोठ्याची वळचण मुळातच सहा-सात फुटांवर असल्यामुळे पडवीच्या कडेला मांजरापुरती जागा उरते. उंची राखण्यासाठी उतार कमी करावा, तर जेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तेथे मंद उताराची कौले पाणी धरतात आणि वाऱ्याबरोबर ते उलटे आत शिरते. बाजूस वेगळे छप्पर टाकून दोन्ही छपरांच्या मध्ये पन्हळ घालावी, तर आंब्याफणसाच्या पानांनी ती पन्हळ आषाढातील एका रात्रीत तुंबते. या सर्वांचा विचार करता वाढ आढ्याच्या दिशेने, तिकोनी भिंतीच्या पलीकडे, तोच उतार आणि तीच उंची पुढे नेऊन करणे हेच श्रेयस्कर ठरते. वास्तू लांबट दिसते खरी, तथापि पाणी पूर्वीच्याच दोन अंगांना जाते आणि मोटार समोरून सरळ आत येते.

आता मूळ दुर्घटनेकडे वळतो. तालुक्याच्या गावातील ज्या ठेकेदाराकडे मी काम दिले होते, त्याच्या माणसांनी वैशाखाच्या अखेरीस नव्या बांधकामाच्या पायाचा चर खणावयास घेतला. जुन्या भिंतीला खेटून, तिच्या सबंध लांबीने, तीन फूट खोल असा तो सलग चर एका दिवसात तयार झाला. त्या दिवशी मी जमिनीच्या कागदांच्या नकला मिळविण्यासाठी तहसील कचेरीत बसलो होतो. जुना पाया दीड फूट आणि नवा चर त्याच्या दुप्पट खोल, म्हणजे जुन्या भिंतीच्या पायाखालची माती एका बाजूने पूर्णपणे उघडी पडली. तिसऱ्या रात्री वळवाचा पाऊस आला. सकाळी पाहतो तो चराची कड ढासळली होती, भिंत मध्यभागी पोट काढल्यासारखी बाहेर आली होती आणि ईशान्य कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत बोट शिरेल एवढी भेग गेली होती. ठेकेदाराने भिंत जुनीच होती असे सांगून हात झटकले आणि सबंध भिंत पाडून सिमेंट-ठोकळ्यांची नवी बांधण्याचा वाढीव अंदाज पुढे केला.

भिंत वाचविली ती गावातील त्याच वृद्ध सुतारांनी. त्यांनी प्रथम आतून तुळयांखाली उभे टेकू देऊन छपराचा भार भिंतीवरून काढून घेतला, बाहेरून तिरपे टेकू लावले, आणि मग चर जांभ्याचे तुकडे व मुरूम घालून थराथराने ठोकून बुजविला. भिंतीला कोणीही हात लावावयाचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. पावसाळा तसाच जाऊ दिला. दिवाळीनंतर बाहेर आलेला भाग नंबर घालून चिरा-चिरा उतरविला, दोन्ही अंगांना बांधणारे लांब चिरे मधूनमधून घालून पुन्हा रचला, आणि नवा पाया जुन्या भिंतीपासून चार फूट दूर घेतला. ज्यांना जुन्या पायालगत खणणे अपरिहार्य असेल त्यांच्यासाठी नियम असा, की तीन-चार फुटांचा एकच तुकडा खणावा, तो बांधून भरून घ्यावा, मग मधला एक तुकडा सोडून पुढचा घ्यावा. जुन्या पायाच्या तळाहून खोल जाऊच नये, आणि जावे लागलेच तर जितके खोल तितके तरी दूर सरकावे. ही अट मंजूर नसेल तर काम घेऊ नये, असे करारनाम्यात स्वच्छ शब्दांत लिहवून घ्यावे. आणि दोन्ही अंगांना बांधणारे ते लांब चिरे कशासाठी, तर कोयनेचा 1967 चा भूकंप ज्यांनी रत्नागिरी जिल्ह्यात अनुभवला, त्यांना मातीत रचलेल्या जाड भिंतीचे दोन पापुद्रे कसे विलग होतात, हे निराळे सांगावयास नको.

नवा भाग जुन्याला टेकवू नये, हेही याच ओघात आले. त्याचे खांब त्याचे, पाया त्याचा, आणि दोहोंच्या मधील फट वरून कौलांनी झाकलेली. दोघांचे बसणे निराळ्या वेगाने होत असते, आणि त्यांना सिमेंटने जखडले की दुबळा तेवढा फाटतो.

जमिनीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या बाबतीत सर्वांत कमी विचार केला जातो. गोठ्याच्या मातीत पिढ्यान्पिढ्यांचे गोमूत्र मुरलेले असते. त्यातून जे क्षार तयार होतात त्यांतच सोरा येतो. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा उत्तर हिंदुस्थानात अशाच गुरांच्या वस्तीच्या मातीतून काढीत असत. हे क्षार हवेतील ओल ओढून घेतात, भिंतीत चढतात, पृष्ठभागावर लोणा होऊन फुटतात आणि त्यांच्या सान्निध्यातील लोखंड गंजवितात. अशा मातीवर थेट काँक्रीट ओतले तर ओलीला वर येण्यास वाव न राहिल्याने ती भिंतींकडे वळते, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत जांभा भुरभुरू लागतो. म्हणून गव्हाणीपासून मोरीपर्यंतची काळी माती निदान एक फूट उकरून बाहेर काढावी. ती वाया जात नाही, माडांच्या आळ्यांत तिच्याइतके गुणकारी खत विकतही मिळत नाही. नंतर जांभ्याच्या तुकड्यांची भर, ठोकलेला मुरूम, जाड प्लॅस्टिकचा पडदा आणि त्यावर एकास दीड, तीन या प्रमाणाचे पाच ते सहा इंच काँक्रीट घालावे, त्याचा उतार दाराकडे द्यावा, आणि भिंतीच्या कडेने वीतभर रुंदीची पट्टी काँक्रीटशिवाय सोडून तिच्यात खडी भरावी, म्हणजे भिंतीतील ओलीला श्वास घेण्यास जागा राहते. याच कारणास्तव आतून सिमेंटचा गिलावा करू नये. चुन्याचा करावा किंवा जांभा उघडा ठेवावा. मोटारीखाली जाण्यासाठी खड्डा खणण्याची पुष्कळांना हौस असते. कोकणात श्रावणात तो खड्डा विहीर होतो, आणि कोरड्या दिवसांत त्याहून भयंकर होतो, कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे नेमकी तेथे साचते व वेल्डिंगची एक ठिणगी पुरेशी ठरते. मोटार मजबूत उतरणींवर चढवावी. माळ्यावर जुना पेंढा उरला असेल तर पहिल्या दिवशीच बाहेर काढावा.

छपराच्या बाबतीत माझे मत कौलांच्या बाजूचे आहे. एक चौरस मीटर मंगलोरी कौले पस्तीस किलोंहून अधिक भरतात आणि तितकाच पत्रा चार-पाच किलो, हे पाहून पुष्कळजण हलका पत्रा घालून लाकडाचा भार कमी करू पाहतात. परंतु त्याच वजनाने छप्पर जागेवर बसलेले असते, हे विसरले जाते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोली-मंडणगडकडील गावांत उडालेले पत्रे आगरांतून वेचावे लागले. कौलेही फुटली, आढ्यावरचे कोनेही गेले, पण फुटलेले कौल दुसऱ्या दिवशी बदलता येते. पत्राच घालावयाचा असेल तर वासा भिंतीशी आणि भिंत पायाशी लोखंडी पट्ट्यांनी बांधण्याची तजवीज आधी करावी. लाकडाची परीक्षा रंग पाहून होत नाही. प्रत्येक वाशाच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकाला आरी टोचून पाहावी, कारण वाळवी व कूज तेथूनच प्रारंभ करतात.

विजेच्या संबंधात दोनच गोष्टी. शेतीपंपाच्या जोडणीवरून वेल्डिंग यंत्र किंवा लेथ चालविणे हा विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. कार्यशाळेसाठी रीतसर स्वतंत्र जोडणी घ्यावी. आणि जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल उरत नसल्यामुळे अर्थिंग निकामी होते, म्हणून ते खोल घ्यावे, त्याला उन्हाळ्यात पाणी घालावे आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच अवश्य बसवावा.

कागदपत्रांचा कंटाळा करू नये. गोठा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी आणि नमुना 8 मधील नोंद पुरते. परंतु तो सातबाऱ्याच्या शेतजमिनीवर असेल तर प्रश्न निराळा होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये शेतीच्या इमारतीची जी व्याख्या आहे, तिच्यात अवजारे, खत, वैरण व पीक साठविणे, गुरे बांधणे, कुटुंबाचे व गड्यांचे राहणे यांचा समावेश आहे. मोटारी दुरुस्त करण्याच्या छंदाचा नाही. बिनशेतीचे नियम वेळोवेळी बदलतात, यास्तव तहसील कचेरीत लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे. सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावे असतील तर त्यांची संमती पहिला चिरा हलण्यापूर्वी घ्यावी. मुंबईतील चुलतभावाची हरकत बहुधा छप्पर चढल्यावरच येते.

शेवटी एक विनंती. आढे, तुळई आणि वासे यांचे सांधे खिळ्यांवाचून जुळविणारे आणि नुसत्या ठोक्याच्या आवाजावरून लाकडातील पोकळी ओळखणारे सुतार आता पंचक्रोशीत एखाददुसरेच उरले आहेत, त्यांची मुले ते काम शिकत नाहीत, कारण त्यांना कोणी बोलावीत नाही. आपला गोठा वाढवावयाचा असेल तर ठेकेदाराचा अंदाज मागविण्यापूर्वी अशा सुतारांना एक दिवस घरी बोलवा, त्या दिवसाची पुरी मजुरी द्या, आणि ते जे सांगतील ते लिहून घ्या.