अमली पदार्थांचा कायदा आणि वजनाचा काटा

गर्द म्हणजे भेसळीचे हेरॉइन. ते जवळ सापडलेल्या तरुणाची शिक्षा मुख्यतः वजनावर ठरते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी समजून घेतले पाहिजे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात मुळात किमान १० वर्षे सक्तमजुरी होती. माल थोडा व स्वतःपुरता होता, हे आरोपीनेच सिद्ध करायचे. तस्कर आणि पुडी विकणारा पोरगा एकाच मापात!

२००१ च्या दुरुस्तीने पायऱ्या पाडल्या. हेरॉइन ५ ग्रॅमच्या आत असेल तर आज जास्तीत जास्त १ वर्ष. २५० ग्रॅमच्या वर ते ‘व्यापारी प्रमाण’, म्हणजे १० ते २० वर्षे, आणि जामीनही दुर्मीळ.

पण वजन कशाचे? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध द्रव्याचेच धरले होते. २०२० च्या हिरा सिंग निकालाने भेसळीसह सगळे वजन धरायचे ठरले. म्हणजे २६० ग्रॅम भुकटीत हेरॉइन जेमतेम १० ग्रॅम असले तरी गुन्हा व्यापारी प्रमाणाचाच. आम्ही बँकेत सोने तारण घेताना खड्यांचे वजन वजा करतो. इथे खडेही सोन्याच्या भावाने! भेसळ हातोहात वाढत जाते, म्हणून हा भार साखळीतल्या शेवटच्या माणसावर अधिक पडतो, असे मला वाटते.

कलम ६४-अ मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास ही सवलत काढून घेता येते. घरच्यांनी वकिलाला पहिल्याच भेटीत या कलमाविषयी विचारावे.